न खाल्लेले खाणे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



एरवी मी ह्याच सभागृहात तिसऱ्या रांगेत पंख्याखाली बसून दुसऱ्यांची भाषणे ऐकत असते, आणि तेच मला अधिक मानवते. चिटणीसबाईंनी मला विषय दिला होता ‘आहार आणि आरोग्य’. विषय मोठा सुरेख आहे. पण त्यात इतके काही मावते की अर्ध्या तासात त्यातले काहीच सांगून होणार नाही. म्हणून मी त्यातला एक छोटासा कोपरा घेणार आहे. आपल्या स्वयंपाकघरातल्या फळीवर जे कोरड्या खाऊचे डबे असतात, तो हा कोपरा. बिस्किटे, खारी, टोस्ट, शेव, फरसाण, वेफर्स, नूडल्सची पाकिटे. घर कोणतेही असो, ठाण्याचे असो की कल्याण-डोंबिवलीचे, ही फळी असतेच.

आधी घरची गोष्ट सांगते. माझा जन्म रसायनशास्त्र शिकवण्यात गेला, त्यामुळे मोजून पाहिल्याशिवाय काही खरे मानायचे नाही ही एक खोड मला लागलेली आहे. दोन वर्षांपूर्वी नेहमीच्या तपासणीत माझी तीन महिन्यांची साखर सहा पूर्णांक एक निघाली. मधुमेह नव्हे, पण त्याच्या उंबरठ्यावर. मला आश्चर्य वाटले आणि थोडा रागही आला. आपण मला पाहताच आहात, मी काही स्थूल नाही. गोड मला फारसे आवडत नाही. जेवण म्हणाल तर दुपारी दीड भाकरी, रात्री एक पोळी आणि थोडा भात. डॉक्टरीणबाईंनी विचारले, “मधल्या वेळी काय खाता?” मी म्हटले, “काही नाही.” आमच्या यजमानांना विचारले, तेही म्हणाले, “काही नाही, चहाबरोबर एखादे बिस्किट.”

घरी आल्यावर मी मसाल्यासाठी आणलेला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा काढला आणि रविवारी रात्री फळीवरच्या सगळ्या डब्यांची वजने वहीत लिहिली. यजमानांना काही सांगितले नाही; सांगितले असते तर प्रयोग बिघडला असता. पुढच्या रविवारी रात्री पुन्हा वजने केली. मधल्या आठवड्यात पाहुणे नव्हते, नातवंडे नव्हती, कामाच्या बाईंनाही मी त्या आठवड्यात डब्यातले काही दिले नव्हते. डब्यांतून एक किलो दीडशे ग्रॅम खाऊ नाहीसा झाला होता.

आम्ही दोघेच माणसे. दोघांनीही ‘काही’ खाल्ले नव्हते. आता हिशेब करा. अशा कोरड्या खाऊच्या शंभर ग्रॅममध्ये सरासरी चारशेऐंशी उष्मांक, म्हणजे कॅलरी, धरल्या तर आठवड्याचे साडेपाच हजार झाले. सात दिवस आणि दोन माणसे यांनी भागले की दर माणशी दररोज सुमारे चारशे. पन्नास ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक भाकरी साधारण एकशेसत्तर उष्मांकांची असते. म्हणजे आम्ही दोघे प्रत्येकी रोज दोन-सव्वादोन भाकऱ्या जास्तीच्या खात होतो, आणि त्या खाल्ल्याचे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते! एखाद्या माणसाने दोन भाकऱ्या खाव्यात आणि त्याला कळू नये असे कधी झाले आहे का? भाकरीच्या बाबतीत होत नाही. बिस्किटाच्या आणि शेवेच्या बाबतीत मात्र रोज होते. ते का होते, हेच मला आज सांगावयाचे आहे. कारण इतके दिवस मला वाटत होते की जास्त खाणे हा जिभेचा लोभ असतो, मनाचा दुबळेपणा असतो. वही पुढे घेऊन बसल्यावर वाटू लागले की यात आपल्या स्वभावाचा भाग थोडा आणि त्या पदार्थाच्या घडणीचा भाग मोठा आहे.

आपल्यापुढे टेबलावर मी दोन ताटल्या ठेवल्या आहेत. एकीत वेफर्सचे एक मध्यम पाकीट ओतले आहे, पन्नास ग्रॅमचे. दुसरीत उकडलेले चार बटाटे आहेत, मिळून सव्वातीनशे-साडेतीनशे ग्रॅम. दोन्ही ताटल्यांत उष्मांक जवळजवळ सारखे आहेत, पावणेतीनशेच्या आसपास. मागच्या बाकावरच्या मुलींना मी विचारते, ही पहिली ताटली संपवायला किती वेळ लागेल? ठाण्याला गाडीत बसायला जागा मिळाली आणि पाकीट फोडले, तर दिवा येईपर्यंत ते रिकामे होते, आणि शेजारणीला दोन चकत्या दिल्या म्हणून मन चुकचुकते ते वेगळेच. आता दुसरी ताटली कुणी पुढे येऊन संपवून दाखवावी. मीठ देते, जिरेपूडही आणली आहे. दोन बटाटे होतील, तिसऱ्याला घास फिरू लागेल, चौथा कोणीही खाणार नाही.

पहिल्या ताटलीत आहे तो बटाटाच आहे. मग त्याचे झाले काय? ताज्या बटाट्यात शंभरातले ऐंशी भाग पाणी असते. चकत्या तळल्या की ते पाणी वाफ होऊन जाते आणि त्याच्या जागी तेल शिरते. वेफर्समध्ये तिसरा हिस्सा तेलाचा असतो. पाण्यात उष्मांक शून्य, पिठात आणि साखरेत ग्रॅमला चार, तेलातुपात ग्रॅमला नऊ. शून्य जाऊन नऊ आले. कारखान्यातल्या खाऊचे रहस्य म्हणतात ते बहुतेक एवढेच आहे: पाणी काढायचे, म्हणजे पदार्थ महिनोन्‌महिने टिकतो, कुरकुरीत होतो, वाहून न्यायला हलका होतो, आणि मग त्यात तेल, साखर, मीठ घालायचे, म्हणजे तो घशाखाली सुलभ उतरतो. व्यापाराच्या दृष्टीने ह्यात काही पाप नाही. पण जे पाणी काढले ते आपल्या पोटाचे माप होते.

पोटाला उष्मांक मोजता येत नाहीत. पोटाला कळतो तो आकार आणि वजन. जठर ताणले गेले की मज्जातंतूंवाटे मेंदूला वर्दी जाते. पुढे अन्न आतड्यात उतरले की तिथून वेगवेगळी संप्रेरके ‘पुरे’ असा निरोप पाठवतात. ह्या निरोपाला पोचायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. भाकरी-भाजी, आमटी, भात, कोशिंबीर असे आपले साधे ताट अर्धा किलोच्या घरात भरते आणि त्यात सहाशेच्या आसपास उष्मांक असतात. तेवढेच उष्मांक पाव किलो फरसाणाच्या निम्म्या पुडीत बसतात. ताट संपायला वीस मिनिटे लागतात आणि शेवटच्या भाताशी निरोप येऊन पोचतो. पुडी मात्र पाच मिनिटांत संपते. निरोप येतो तेव्हा आपण पुडीचा कागद चुरगळून टाकलेला असतो.

हे केवळ माझ्या वहीवरून बोलते आहे असे समजू नका. २०१९ साली अमेरिकेत केव्हिन हॉल ह्या शास्त्रज्ञाने तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या रुग्णालयात केलेला एक मोठा नेटका प्रयोग प्रसिद्ध झाला. वीस माणसे, दहा पुरुष आणि दहा स्त्रिया, महिनाभर तिथेच राहावयास ठेवली. दोन आठवडे त्यांना कारखान्यात फार प्रक्रिया झालेले अन्न दिले आणि दोन आठवडे साधे, घरी शिजवावे तसे. काहींना आधी एक आणि मग दुसरे, काहींना त्याच्या उलट. दोन्ही प्रकारच्या ताटांत वाढलेले उष्मांक, साखर, स्निग्धांश, मीठ, चोथा ही सगळी मापे सारखी ठेवली होती, आणि प्रत्येकाला सांगितले होते की हवे तेवढे खा, नको ते टाका. प्रक्रिया केलेल्या अन्नाच्या दिवसांत माणसे रोज सुमारे पाचशे उष्मांक जास्त खाऊ लागली. दोन आठवड्यांत त्यांचे वजन जवळजवळ एक किलो वाढले, आणि साध्या अन्नावर तेवढेच उतरले. मौज अशी की, कोणते अन्न अधिक रुचकर वाटले असे विचारल्यावर दोन्हींना त्यांनी सारखेच गुण दिले. म्हणजे अधिक आवडले म्हणून अधिक खाल्ले, असेही म्हणता येत नाही. प्रक्रिया केलेले अन्न ती अधिक भराभर खात होती, आणि पेये वगळली तर ते अन्न ग्रॅममागे जवळजवळ दुप्पट उष्मांकांचे होते. ह्या दोन गोष्टी सोडून आणखीही कारणे असतील. शास्त्रज्ञांचा त्यावर अजून वाद चालू आहे. पण आपल्या फळीपुरत्या ह्या दोन गोष्टी पुष्कळ झाल्या.

दुसरा एक प्रयोग मला त्याहून आवडतो, कारण तो आपल्या आमटीचा आहे. पेनसिल्व्हेनियात बार्बरा रोल्स नावाच्या प्राध्यापिका आहेत. त्यांचे सारे आयुष्य माणूस किती आणि का खातो हे मोजण्यात गेले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी चोवीस स्त्रियांना जेवणाआधी तीन निरनिराळ्या दिवशी तीन गोष्टी दिल्या. एका दिवशी कोंबडी-भाताचा घट्ट पदार्थ. दुसऱ्या दिवशी तोच पदार्थ आणि वर पेलाभर पाणी. तिसऱ्या दिवशी तेच जिन्नस आणि तेच पाणी एकत्र करून केलेले सूप. तिन्हींत उष्मांक अगदी सारखे. पदार्थाबरोबर पाणी प्याल्याने पुढच्या जेवणात काही फरक पडला नाही. पण तेच पाणी सुपात मुरल्यावर त्या स्त्रिया जेवणात सुमारे शंभर उष्मांक कमी जेवल्या. वरून प्यालेले पाणी पोटातून लगेच निघून जाते; अन्नात शिजलेले पाणी अन्न म्हणूनच मोजले जाते. आमटी, कढी, सार, पिठले, पालकाची पातळ भाजी ही आपल्या आजीने कुठल्या प्रयोगशाळेत जाऊन ठरवली नव्हती. मुख्य कारण बहुधा काटकसरीचे असेल: मूठभर डाळीत दहा माणसे जेवायला हवीत. पण त्या काटकसरीत पोट भरत होते. उलट चहात बुडवलेले बिस्किट पाहा. चहा त्याला लागतो तो केवळ ते विरघळवण्यासाठी, चावण्याचे श्रमही वाचवण्यासाठी.

थंड पेयांचे तर बोलूच नये. शंभर मिलिलिटरला दहा-अकरा ग्रॅम साखर, म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत सुमारे सत्तावीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवले की वरून घातलेली साखर शक्य तर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत असावी. एका बाटलीत दिवस संपला, आणि भूक जिथल्या तिथे.

आता कुणी म्हणेल, आणि मागच्या महिन्यात भिशीच्या वेळी एका भगिनीने म्हटलेही, की “आमच्या आज्या चकल्या करीत होत्या, लाडू करीत होत्या, शंकरपाळे तळीत होत्या, त्यांना कुठे काय झाले?” प्रश्न योग्य आहे, आणि त्याला टाळून पुढे जाणे बरे नव्हे. घरची चकलीसुद्धा शंभर ग्रॅमला पाचशे उष्मांकांचीच असते. घरची म्हणून ती सात्त्विक होत नाही. तेलाला घर कळत नाही. फरक कुठे आहे, तर चकली करायला दोन दिवस लागत. भाजणी भाजायची, दळून आणायची, सोऱ्या फिरवून हात दुखवून घ्यायचा, स्टोव्हपुढे घामाघूम व्हायचे. साखर रेशनवर होती त्या काळी लाडवांची संख्या मोजून ठेवलेली असे. डबा वरच्या फळीवर, आणि त्याची किल्ली नसली तरी आजीची नजर होती. भाऊबीज झाली की आठ दिवसांत डबे संपत, आणि संपले म्हणजे संपत. पुन्हा पुढच्या आश्विनात. श्रम हाच त्या खाण्याचा लगाम होता. आज तो लगाम सुटला आहे. दिवाळी बारा महिने चालू आहे, कोपऱ्यावरच्या फरसाणाच्या दुकानात, स्टेशनच्या पुलाखाली, आणि आता तर मोबाइलवर मागवले की दहा मिनिटांत दारात. चकली तीच राहिली, तिच्यामागचा दिवस तेवढा गेला.

आपल्या गावांची दिनचर्या ह्यात भर घालते. डोंबिवलीहून बोरीबंदर अठ्ठेचाळीस किलोमीटर. सकाळी सातची गाडी गाठणारी सून संध्याकाळी साडेसातला फलाटावर उतरते तेव्हा दुपारचा डबा खाऊन तिला सहा-सात तास झालेले असतात. घरी पोचायचे, हातपाय धुवायचे, कुकर लावायचा, पोळ्या व्हायच्या, जेवण साडेनवाला. हे मधले दोन तास फार वाईट. त्या दोन तासांत हात डब्याकडे जातो तो लोभाने जात नाही, खऱ्या भुकेने जातो. पण खऱ्या भुकेला हाताशी जे सापडते ते पाचशे उष्मांकांचे कोरडे खाणे. आणि नंतर जेवण होतेच, कारण सगळ्यांबरोबर पानावर बसायचे असते. म्हणून अशा सुनेला “बाहेरचे खाऊ नकोस” असा उपदेश करणाऱ्या सासवांना माझी विनंती आहे की त्यांनी तिच्यासाठी साडेसातला वाटीभर मुगाची उसळ तयार ठेवावी आणि मग उपदेश करावा. उपदेशाची पुढे गरजच पडायची नाही.

आपल्याकडल्या पोळी-भाजी केंद्रांबद्दल मात्र मी एक वाकडा शब्द काढणार नाही. डोंबिवलीत गल्लोगल्ली ही केंद्रे आहेत, नोकरी करणाऱ्या घरांना त्यांनी तारले आहे आणि ती चालवणाऱ्या कित्येक बायकांचे संसार त्यावर उभे आहेत. विकत आणलेले म्हणजे सगळे वाईट, असे सरसकट म्हणणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. पोळी, मटकीची उसळ, भोपळ्याची भाजी ही विकत आणली तरी तिच्यातले पाणी तिच्यातच आहे. ब्राझीलच्या कार्लोस मॉन्तेरो ह्या डॉक्टरांनी २००९ साली अन्नाची जी वर्गवारी मांडली तिचाही रोख हाच आहे. शिजवणे, दळणे, आंबवणे ह्यांना त्यांची हरकत नाही. जे पदार्थ आपल्या घरच्या फडताळात कधी नसतात अशा द्रव्यांनी कारखान्यात घडवलेला खाऊ त्यांनी वेगळा काढला. इतकेच काय, कल्याणच्या खिडकी वड्याचीही मी थोडी बाजू घेईन. वडापाव तीनशेच्या आसपास उष्मांकांचा असतो, रोज खाण्याचा नव्हे, पण आत ओला बटाटा आहे, एक खाल्ला की खाल्ला असे कळते, आणि घरी जाऊन आपण म्हणतो, “आज मी वडा खाल्ला.” शेवेच्या चार चिमटी घेतल्याचे कोण सांगतो?

आता मी स्थूल नसताना हे माझ्या वाट्याला का आले, ते सांगते. कारण इथे बसलेल्या पुष्कळ सडपातळ भगिनींना वाटत असेल की हे शेजारणीसाठी चालले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी ह्या प्रश्नाला उभे आयुष्य वाहिले. २००४ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःचा आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉक्टर युडकिन ह्यांचा फोटो शेजारीशेजारी छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, बावीस पूर्णांक तीन. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची शंभरात नऊ आणि याज्ञिकांची एकवीस! दिसायला दोघेही शिडशिडीत. याज्ञिकांनी १९९३ साली पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा अभ्यास सुरू केला होता. त्यात दिसले की आपली बाळे जन्मतः पावणेतीन किलोच्या आतबाहेर असतात, इंग्लंडची साडेतीन किलोची. परंतु वजन कमी असूनही आपल्या बाळांच्या अंगी चरबी त्या मानाने टिकून असते, कमी असतो तो मांसल भाग. म्हणजे आपल्याकडे वरून बारीक आणि आतून लठ्ठ अशी माणसे पुष्कळ. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत देशात दहा कोटींवर मधुमेही आणि आणखी साडेतेरा कोटी माणसे माझ्यासारखी उंबरठ्यावर आढळली. तेव्हा काट्यावर आपले वजन ठीक आहे म्हणून फळीवरचा डबा आपल्याला माफ आहे, असे समजण्यात अर्थ नाही.

पाकिटावर काय छापलेले असते ते वाचायची सवय करावी. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे पाठीमागे शंभर ग्रॅममागचे उष्मांक द्यावेच लागतात. अक्षर मुंगीएवढे असते, इंग्रजीत असते. नातवंडांकडून वाचून घ्यावे, त्यांचीही तेवढीच शिकवणी होते. फक्त ‘एका वेळेचे माप’ म्हणून जो आकडा असतो त्याने फसू नका. ते माप बहुधा वीस-तीस ग्रॅमचे असते, आणि तेवढ्यावर थांबलेले माणूस मी अजून पाहिलेले नाही. शंभर ग्रॅमचा आकडाच पाहावा. तो दीडशेच्या आत असला तर भूक असेल तेवढे खा. आपली उसळ, वरण, भात, बहुतेक फळे सगळी त्यात येतात. दीडशे ते चारशेच्या मध्ये असला, पोळी, पाव, भाकरी, पनीर वगैरे, तर मोजून खा. चारशेच्या वर गेला की तो पदार्थ डब्यातून किंवा पाकिटातून कधी खाऊ नये. वाटीत काढावा, झाकण लावावे, डबा फळीवर ठेवावा आणि मग बसावे. एवढ्या एका सवयीने आमच्या घरचे निम्मे काम झाले.

ह्याच आकड्याने एक भ्रम मोडतो. बाजारात हल्ली ‘डाएट चिवडा’, ‘मल्टिग्रेन बिस्किट’, ‘नाचणीच्या कुकीज’, ‘भाजलेले, तळलेले नव्हे’ असे पुष्कळ निघाले आहे. मीही मोठ्या श्रद्धेने आणीत असे. पाठ वाचली तर चारशेवीस, चारशेपन्नास, कधी चारशेऐंशी. नाचणी बिचारी काय करणार? तिच्यातले पाणी काढले, साखर आणि स्निग्धांश घातला, की तीही बिस्किटच होते. तीच नाचणी ताकातल्या आंबिलीत घ्या, पोट भरेल. कुरमुऱ्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. शंभर ग्रॅमला तेही साडेतीनशेच्या पुढेमागे असतात. पण वाटीभर कुरमुऱ्यांचे वजन दहा-बारा ग्रॅमच भरते, कारण त्यांत हवा असते. पाण्यासारखीच हवाही जागा अडवते. त्यांत कांदा, टोमॅटो, काकडी, कैरी घातली तर त्यासारखे संध्याकाळचे खाणे नाही. वरून शेव किती घालायची तेवढे आपल्या हाती. आणि दाणे? दाण्यांत उष्मांक भरपूर, हे खरे. पण ते चावावे लागतात, त्यांत प्रथिने आहेत, चोथा आहे, आणि मूठभर खाल्ले की पोटाला कळते. एकट्या आकड्याने सगळेच ठरते असे मी म्हणणार नाही. फुटाण्यांचेही तसेच.

आमच्या घरी पुढे काय झाले ते विचाराल. मी डबे फेकले नाहीत. यजमानांना वही दाखवली. ते प्रथम म्हणाले, काटा बिघडला असेल. मग बिस्किटे किलोच्या ऐवजी लहान पुड्यांत आणू लागलो, फरसाण पंधरा दिवसांतून एकदा, तेही शंभर ग्रॅम. चारच्या चहाबरोबर पेरू किंवा केळे, साडेसहाला फुटाणे आणि ताक. जेवणाचे काही कमी केले नाही. उलट आमटीची वाटी मोठी केली. सहा महिन्यांनी माझी साखर पाच पूर्णांक आठ आली. त्याला चालणे आणि औषधोपचाराची शिस्त ही कारणे नसतील असे मी म्हणत नाही, पण त्या काळात भुकेने मी एक दिवसही तळमळले नाही, हे मात्र खरे.

आता शेवटी मंडळाच्या दोन गोष्टी, त्या बोलल्याशिवाय हे भाषण अपुरे होईल. दिवाळीच्या फराळाच्या विक्रीवर आपल्या मंडळाचा वर्षाचा खर्च चालतो, आणि ती बंद करा असे म्हणण्याचा करंटेपणा मी करणार नाही. त्या विक्रीतून ज्या भगिनींना मजुरी मिळते त्यांचा मला विसर पडलेला नाही. माझी सूचना इतकीच की चिवडा आणि शेव एक किलोच्या पिशव्यांऐवजी पाव किलोच्या पिशव्यांत भरावी, किलोमागे दर तोच ठेवावा. पिशवीचा खर्च थोडा वाढेल. तो कुणी तक्रार न करता देईल असे मला वाटते. दुसरी गोष्ट बालवाडीची. मुलांच्या वाढदिवसाला वेफर्सची पाकिटे आणि रंगीत पेय वाटण्याची पद्धत पडली आहे, आणि एकीने आणले की दुसरीला आणावेच लागते. ज्या आईला परवडत नाही तीही उसनवारी करून आणते. २०२५ साली सीबीएसईने आपल्या शाळांना, कोणत्या पेयात किती साखर असते ते दाखवणारे फलक लावायला सांगितले. आपण फलक नंतर लावू. आधी वाढदिवसाला केळे आणि राजगिऱ्याची एक छोटी वडी असे ठरवून टाकावे, म्हणजे चढाओढही थांबेल. राजगिऱ्याच्या वडीत उष्मांक नाहीत असे नाही, पण ती एकच असते.

आजच्या कार्यक्रमानंतर जी खोकी वाटली जाणार आहेत त्यांत काय आहे ते मी आत जाऊन पाहिले आहे, आणि त्यावर काही बोलणार नाही. ज्यांनी सकाळपासून खपून ती भरली त्यांचा मान राखायलाच हवा. तिथला समोसा मी खाणार आहे. वेफर्सची पुडी तेवढी घरी नेईन आणि वाटीत काढीन.

वजनकाटा मी आज पिशवीतून बरोबर आणला आहे. ज्यांना आठवडाभर घरी न्यायचा असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. रविवारी रात्री न्यायचा, पुढच्या रविवारी रात्री पुन्हा वजने करून सोमवारी परत आणायचा, आणि मध्ये घरात कुणाला सांगायचे नाही. पहिले नाव अध्यक्षीणबाईंनी दिले आहे.